श्रावण पाळता येतो, मग हतबल कसा?

पहिली पायरी : लेखांक ६

या आठवड्यात मद्यपींच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या दुसऱ्या पायरीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातल्या दोन प्रश्नांना बगल देऊन पुढं गेलो, तर पहिली पायरी आपल्याला नुसती पाठ होईल, कळणार नाही.

ताई विचारतात, ‘दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मान्य करणं ही सुरुवात, असं तुम्ही लिहिलंत. आमचे मालक श्रावणात थेंबाला शिवत नाहीत. गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत घेत नाहीत. सव्वा महिना ज्याला राहता येतं तो हतबल कसा? आणि आमच्या वाडीला तर नावच हिरकणीचं आहे. तिनं हार मानली असती तर ती बाळापाशी पोचली असती का? पोरांना आम्ही ही गोष्ट सांगतो. मग घरच्या कर्त्या माणसाला हार मान म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?’

आधी श्रावण.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हा दाखला घरोघरी ऐकू येतो. गटारीला शेवटची बाटली, मग महिनाभर कडकडीत. घरातली बाई निश्चिंत होते, शेजारी कौतुक करतात. विसर्जनाच्या संध्याकाळी बाप्पा नदीत गेले की माणूस थेट गुत्त्यावर. उरलेल्या दहा-अकरा महिन्यांत कुणी टोकलं की उत्तर तयार असतं : ‘श्रावणात बघितलंस ना? मनात आणलं तर कधीही सोडीन.’ म्हणजे पाळलेला श्रावण पुढच्या अकरा महिन्यांच्या पिण्याचा परवाना होऊन बसतो. दारू सोडण्याच्या कामी तो येत नाही, दारू टिकवण्याच्या कामी येतो.

ताई, तुमच्या मालकांकडे निग्रह नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मद्यपी माणसाइतका निग्रह मी फार थोड्या लोकांत पाहिलाय. हात थरथरत असताना कामावर जाणं, उधारी मागायला लाज गिळून उभं राहणं, अंगात ताप असताना पावसातून गुत्ता गाठणं, याला ताकद लागते. हतबलता कुठे आहे हे नेमकं बघायला हवं. ती दोन जागी आहे. एक, पहिला पेला पोटात गेल्यानंतर किती प्यायची हे त्याच्या हातात राहत नाही. दोन, कितीही दिवस कोरडे गेले तरी ‘आता एक घ्यायला हरकत नाही’ हा विचार एक दिवस येतो आणि त्या घटकेला मागचं सगळं भोगलेलं आठवत नाही. न्यूयॉर्कच्या टाऊन्स रुग्णालयातले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी 1930च्या दशकात हीच दुहेरी पकड सांगितली होती : शरीराची ओढ आणि मनाचा ध्यास. शरीराच्या ओढीला ते ॲलर्जी म्हणत. आजचं वैद्यक तो शब्द वापरत नाही, पण त्यांनी टिपलेलं लक्षण रोज समोर दिसतं. श्रावणातल्या निग्रहानं या दोन्ही जागांची परीक्षाच होत नाही. पहिला पेलाच नसतो, आणि कधी घ्यायची ती तारीख आधीच ठरलेली असते.

याच रुग्णालयात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस पुन्हापुन्हा दाखल होत होता. घरच्या बायबलमध्ये त्यानं बायकोला, लोइसला, दारू सोडण्याची वचनं लिहून दिली होती. एकदा नाही, अनेकदा. आपल्याकडे महाडच्या वीरेश्वरासमोर नारळ ठेवून शपथ घेतात, कुणी पंढरीची माळ घालतो. त्या माणसांइतकाच तोही खरं बोलत होता. वचन देताना त्याच्या मनात खोट नव्हती आणि वचन मोडतानाही ताकद कमी पडली नव्हती. आपल्या वचनाचा पहारेकरी आपलंच मन, आणि नेमकं तेच मन फितूर, ही त्याची अडचण होती. डिसेंबर 1934 मध्ये त्याची दारू सुटली. पुढच्या मे महिन्यात ॲक्रन गावी धंद्याचं काम फिसकटल्यावर तो पुन्हा पिण्याच्या काठावर आला, तेव्हा त्यानं दुसरा मद्यपी शोधला. ते डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. 10 जून 1935 हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानतात आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिवस. एक शेअर बाजारातला, एक सर्जन. मनाचे दुबळे म्हणावेत असे दोघांपैकी कुणी नव्हते.

श्रावणाच्या कोड्याचा सर्वांत चांगला उलगडा मला ग्रेगरी बेट्सन या मानववंशशास्त्रज्ञाच्या लेखात सापडला. कॅलिफोर्नियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यानं मद्यपींबरोबर काम केलं होतं. त्याचा हा लेख 1971 चा. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. मद्यपी माणूस बाटलीशी कुस्ती मांडतो : मी मोठा की तू. पीत असतो तेव्हा हरत असतो, म्हणून ईर्ष्येनं सोडतो. काही आठवडे सोडून दाखवतो, म्हणजे जिंकतो. पण जिंकल्याबरोबर कुस्ती संपते आणि निग्रहाला लढायला कुणी उरत नाही. मग आपण खरंच जिंकलो हे सिद्ध करायला एकच वाट राहते : एक पेला घेऊन बघायचा. विसर्जनाच्या संध्याकाळचा पेला हा असा असतो. पहिली पायरी या माणसाला आणखी जोर लाव असं सांगत नाही. ती त्याला आखाड्यातून बाहेर यायला सांगते. कुस्तीच मोडली की जिंकल्याचं सिद्ध करायची गरज उरत नाही, आणि ती गरज गेली की तो एक पेलाही जातो.

आता हिरकणी.

आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ. ती पहारेकऱ्यांना विनवते, ते दरवाजा उघडत नाहीत, महाराजांची तशी आज्ञाच असते. मग ती रात्री कडा उतरून जाते. पुढे महाराज साडीचोळी देऊन तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधला जातो. ताई, या गोष्टीत आपण कडा लक्षात ठेवतो आणि दरवाजा विसरतो. दरवाजा आता सकाळपर्यंत उघडणार नाही, हे हिरकणीनं मानलं. तिथं डोकं आपटत ती रात्रभर बसली असती, तर तिच्या जिद्दीबद्दल शंका कुणी घेतली नसती, पण बाळ उपाशी राहिलं असतं. दरवाजापुढे आपलं चालत नाही हे पटलं, म्हणून तिची सगळी ताकद कड्यासाठी मोकळी झाली. ‘मी प्रमाणात पिऊन दाखवीन’ हा मद्यपीचा बंद दरवाजा आहे. कित्येकांची उभी हयात त्याच्यासमोर जाते. कडा वेगळा आहे : मीटिंगला जाणं, डॉक्टरकडे जाणं, रात्री ओढ लागली तर दुसऱ्याला फोन करणं, फक्त आजचा दिवस पार पाडणं. तिथं लागेल तेवढी जिद्द लावावी. ती कमीच पडेल.

तेव्हा मालकांना ‘हार माना’ असं सांगू नका. खरं तर काहीच सांगू नका, कारण ही कबुली दुसऱ्यानं वदवून घेता येत नाही. हॅरी टीबाउट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं 1949 आणि 1953 च्या लेखांत शरणागती आणि नुसता होकार यांतला फरक दाखवलाय. बायको रडते, साहेब नोटीस देतो, डॉक्टर यकृताचा रिपोर्ट समोर धरतात, तेव्हा माणूस मान डोलावतो. वरचं मन हो म्हणतं आणि आतलं मन टळण्याची वाट बघत राहतं. मीटिंगमधलं बोलणं ऐकून ऐकून हा फरक कानाला कळायला लागतो. नुसता होकार देणारा म्हणतो, ‘आता कधीच पिणार नाही, लिहून घ्या.’ आतून पटलेला माणूस पैज मारत नाही. तो विचारतो, ‘उद्या संध्याकाळी सहा वाजता काय करू?’

ताईंनी न विचारलेला, पण पत्राच्या ओळीओळीत असलेला एक प्रश्न आहे : मग मी काय करू? लोइस विल्सननं दुकानात नोकरी करून नवऱ्याच्या पिण्याच्या काळात घर चालवलं. तो सुटल्यावर एके दिवशी तो मीटिंगला चल म्हणाला आणि तिनं संतापून बूट फेकला. इतकी वर्षं आपलं सगळं जगणं त्याच्या बाटलीभोवती फिरत होतं, हे तिला तेव्हा जाणवलं. पुढे 1951 मध्ये तिनं एका मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही हे नेमकं कळलं होतं. 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते केंद्र सुरू केलं, आणि रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी तिथं ‘सहचरी’ हा गट चालतो. त्याची दारू मी सोडवू शकत नाही, ही घरच्या माणसाची पहिली पायरी. बाटल्या ओतणं, खिसे तपासणं, कंपनीत फोन करून ‘ताप आलाय’ सांगणं, गुत्त्याची उधारी फेडणं, हे सगळं थांबवता येतं.

पण इथं एक गोष्ट ठासून सांगतो. जीन कर्कपॅट्रिक या स्वतः दारूतून सुटलेल्या बाईंनी 1975 मध्ये स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली. जिला आयुष्यभर तुझं काही चालत नाही हेच ऐकवलंय, तिला पुन्हा हतबल म्हणवून घ्यायला लावू नये, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो वजनदार आहे. हतबलता फक्त त्याच्या पिण्यापुरती. मार खाण्याला, घरातले पैसे जाण्याला, पोरांच्या भीतीला ती लागू नाही. तिथं माहेर, शेजार, पोलीस, ज्याचा म्हणून आधार मिळेल तो घ्यावा.

पुढच्या आठवड्यातही दुसरी पायरी येणार नाही. आधी दारू बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांवर लिहिणं भाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. गटारीनंतरचे दिवस म्हणूनच जोखमीचे. तुमच्या मालकांना श्रावण लागल्यावर घाम, थरथर, झोप उडणं, असं काही होतं का, ते आठवून ठेवा, आणि होत असेल तर पुढच्या वेळी बंद करण्याआधी त्यांना सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. माझ्या लेखाची वाट बघू नका.