हेल्मेटला भोक पाडू नका

परवा चाकणच्या कारखान्यातला एक तरुण गुडघा खरचटला म्हणून दवाखान्यात आला. हेल्मेटवर कॅमेरा! माळशेज घाटाचे चित्रण करायचे म्हणून घरीच ड्रिलने भोके पाडून नट-बोल्ट आवळलेले. आत हात घालून पाहिले, तर बोल्टचे टोक थेट टाळूवर येत होते. हेल्मेटमधला थर्माकोल आपटल्यावर दबतो, म्हणून मेंदूला हिसका कमी बसतो. नेमके तिथेच लोखंड!

डिसेंबर २०१३ मध्ये मायकेल शूमाकर फ्रान्समध्ये बर्फावर स्कीइंग करताना खडकावर आपटला, हेल्मेट फुटले. त्यावरही कॅमेरा होता; दोष त्याचा का, यावर पुष्कळ वाद झाला.

हौस असेल तर कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर लावावा. त्या पठ्ठ्याचे हेल्मेट मी ठेवून घेतले. गाडीची किल्लीही. आयएसआय शिक्क्याचे नवे आणल्यावर नेईल.