सारणीच्या स्तंभासाठी संयुक्त डेटा प्रकार : उपयोग व मर्यादा

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सारणीतील प्रत्येक मूल्य अविभाज्य असावे, अशी अपेक्षा होती. व्यवहारातील माहिती मात्र अनेकदा समूहाने येते. विद्यार्थ्याचा पत्ता म्हणजे घर क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा व पिनकोड. शिवाय प्रवेश अर्जात तो कायमचा व सध्याचा असा दोनदा येतो. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणकाने वापरकर्त्यास स्वतःचे रचनाबद्ध प्रकार निर्माण करण्याची मुभा दिली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘क्रिएट टाइप’ या आज्ञेने ‘पत्ता’ हा संयुक्त प्रकार एकदा घडविला, की तो दोन्ही स्तंभांना लावता येतो. (तेथे प्रत्येक सारणीबरोबर त्याच नावाचा संयुक्त प्रकार आपोआप तयार होतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते.)

घटक वाचताना स्तंभाचे नाव कंसात घालावे लागते. अन्यथा ते सारणीचे नाव समजले जाते. ही अडचण किरकोळ होय. खरा प्रश्न अचूकतेचा आहे. पिनकोड सहा अंकीच असावा, हे बंधन प्रकाराच्या व्याख्येत थेट लिहिता येत नाही. त्यासाठी पिनकोडचे स्वतंत्र ‘डोमेन’ करावे लागते. संपूर्ण संयुक्त प्रकारावर डोमेन रचण्याची सोय २०१८ मधील ११ व्या आवृत्तीत आली. परंतु ‘तालुका’ या एकट्या घटकास तालुक्यांच्या सारणीशी ‘फॉरेन की’ने थेट जोडता येत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयास तालुकानिहाय विद्यार्थीसंख्या वारंवार सादर करावी लागते, त्याने तालुका हा स्वतंत्र स्तंभच ठेवणे इष्ट; एरवी एकाच तालुक्याचे नाव तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि बेरीज चुकते.