घोड्याचा फॉर्म वाचताना

मुंबईत खोताच्या वाडीतून चर्नी रोडला येऊन लोकल पकडली की तिसरं स्टेशन महालक्ष्मी. तिथल्या रेसकोर्सवर हिवाळ्यात शर्यती होतात. पावसाळ्यात त्या पुण्याला असतात. रेसबुकात घोड्याचे मागच्या शर्यतींतले क्रमांक छापलेले असतात; हाच त्याचा फॉर्म. पण नुसता ‘पहिला’ पाहून भुलू नये. आधी अंतर पाहावं: १२०० मीटरला जिंकणारा इंडियन डर्बीच्या २४०० मीटरला दमू शकतो. मग वजन: हँडिकॅप शर्यतीत जिंकलेल्याचं रेटिंग वाढतं आणि पाठीवरचं ओझंही. उलट, वरच्या वर्गात चौथा आलेला घोडा खालच्या वर्गात उतरला, तर तो दावेदार ठरतो. पुण्याच्या ओल्या ट्रॅकवरचा फॉर्म मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवर टिकेलच असं नाही. फॉर्मवरून शक्यता कळते, खात्री नव्हे.