लोकरीच्या वैभवाची गावे

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून निघावे, मार्क्स टे येथे गाडी बदलावी आणि स्टूर नदीच्या खोऱ्यातून संथपणे जाणाऱ्या फाट्याच्या गाडीने सडबरीपर्यंत यावे. तेथे लोहमार्ग संपतो, आणि सफोक परगण्यातील ज्या जुन्या खेड्यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे त्यांचा मुलूख तेथूनच सुरू होतो. ज्यास डोंगर म्हणता येईल असे या प्रांतात काही नाही. गहू आणि सातू यांची सौम्य चढउतारांची शेते, त्यांच्या कडेने काटेरी झुडपांची जुनी कुंपणे, दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागेल इतके अरुंद रस्ते, आणि अधूनमधून झाडांच्या शेंड्यांवरून डोकावणारा एखाद्या चर्चचा चौकोनी मनोरा, एवढेच दृश्य दूरवर पसरलेले असते. परंतु ते मनोरे नीट न्याहाळणाऱ्यास हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही, की एवढ्याशा वस्तीच्या खेड्यांना नगरास शोभेल असे देवालय उभारण्याचे सामर्थ्य आले तरी कोठून?

ते आले लोकरीच्या कापडातून. आपल्याकडे पेशवाईत ज्याला सकलाद किंवा बनात म्हणत, त्या जातीचे जाड, दाट विणीचे आणि रुंद पन्ह्याचे कापड पंधराव्या शतकात या खेड्यांतून तयार होऊ लागले. सधन व्यापारी लोकर खरेदी करीत, ती वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांपासून काढलेल्या निळ्या रंगात रंगवून घेत, कातण्यासाठी घरोघर वाटीत, सूत विणकरांच्या मागावर पोहोचवीत, विणलेला तागा पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत कुटवून घट्ट करीत, आणि मग तो माल लंडनच्या पेठेत व तेथून समुद्रापार रवाना करीत. या खेड्यांपैकी लॅव्हनमचे निळे कापड परदेशांतही नावाजलेले होते. या व्यापाराच्या बळावर 1524 च्या सरकारी करवसुलीत हे गाव साऱ्या इंग्लंडातील धनिक वसाहतींत चौदाव्या क्रमांकावर गणले गेले; आज त्याची लोकसंख्या दोन हजारही भरत नाही.

लॅव्हनमच्या चर्चचा मनोरा 141 फूट उंच आहे. त्याच्या उभारणीत दोन घराण्यांचा पैसा आणि दोन घराण्यांचा अभिमान ओतलेला आहे, आणि ही गोष्ट दगडानेच नोंदवून ठेवली आहे. गावचे जमीनदार ऑक्सफर्डचे अर्ल. 1485 साली बॉसवर्थच्या रणांगणावर सातव्या हेन्रीच्या बाजूने लढलेला जॉन द व्हिअर हा त्यांपैकी तेरावा. त्याच्या कुळाचा तारा मनोऱ्यावर कोरलेला आहे. परंतु तेथेच स्प्रिंग या कापडव्यापारी घराण्याची खूणही आहे. या घराण्यातील एकाने 1486 मध्ये मरताना मनोऱ्यासाठी मोठी रक्कम मृत्युपत्राने ठेवली. त्याचा पुत्र तिसरा टॉमस स्प्रिंग 1523 मध्ये वारला, तेव्हा उमराव वर्ग वगळला तर इंग्लंडमधील अत्यंत धनाढ्य पुरुषांत त्याची गणना होत होती. रणधुरंधर सरदाराच्या चिन्हाशेजारी कापडाच्या व्यापाऱ्याने आपली खूण कोरवून घ्यावी आणि त्यात कोणास अनुचित वाटू नये, यातच एका युगाचा पालट दिसतो.

मात्र या संपत्तीचा भार ज्यांच्या हातांवर उभा होता त्यांची खूण कोठल्याही मनोऱ्यावर नाही. ती इतिहासात उमटली 1525 साली. आठव्या हेन्रीला फ्रान्सवर स्वारी करावयाची होती, आणि त्याचा सर्वाधिकारी मंत्री कार्डिनल वुल्झी, जो स्वतः याच परगण्यातील इप्सविच गावचा पुत्र होता, त्याने पार्लमेंटची संमती न घेता प्रजेकडून तिच्या मालमत्तेचा सहावा आणि धर्मगुरूंकडून तिसरा हिस्सा मागितला. कापडव्यापाऱ्यांनी कारागिरांना सांगितले, की हा पैसा भरल्यावर तुम्हांस काम देणे आम्हांला शक्य नाही. तेव्हा लॅव्हनम, सडबरी, हॅडली आणि भोवतालच्या गावांतील सुमारे चार हजार लोक जमा झाले. चर्चच्या घंटा वाजवून आणखी माणसे बोलावण्याचा त्यांचा बेत होता. पण कोणा धनिकाने घंटांचे लोळे आधीच काढून ठेवले होते, असे सांगतात. नॉरफकच्या ड्यूकने त्यांचा पुढारी कोण असे विचारले असता दारिद्र्य हाच आपला नायक असल्याचे उत्तर एका कारागिराने दिले, असे तत्कालीन बखरकाराने लिहून ठेवले आहे. राजाला ती मागणी सोडून द्यावी लागली. मला या गावात जे काही पाहण्याजोगे वाटते, त्यात त्या अदृश्य जमावाचे स्थान मी मनोऱ्याच्याही वर मानतो.

कारण दारिद्र्य पुढे खरोखरच गावाचे नायक झाले. युद्धांनी बाजारपेठा बंद पडल्या. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलंड्समधील धर्मछळातून निसटलेले विणकर शेजारच्या कॉल्चेस्टरला वसले आणि त्यांनी हलके, स्वस्त, नव्या तऱ्हेचे कापड काढले, त्यापुढे सफोकच्या जड बनातीचा टिकाव लागेना. इतरत्र सधन लोकांनी पुढील दोन शतकांत जुनी लाकडी घरे पाडून विटांची नवी घरे उठवली. लॅव्हनमच्या लोकांपाशी तेवढा पैसाच नव्हता. म्हणून आज तेथे तीनशेहून अधिक जुन्या इमारती संरक्षित यादीत आहेत. ओकच्या हिरव्या, न सुकवलेल्या तुळया खुंट्यांनी जोडून सांगाडा उभा करावयाचा आणि मधल्या चौकटी झाडाच्या फोकांच्या विणीवर चिखल, गवत व शेण यांचा गिलावा देऊन भरावयाच्या, अशी ही बांधणी. आपल्या कोकणातील कुडाच्या भिंतीशी तिचे नाते पाहताक्षणी ओळखू येते. लाकूड सुकता सुकता वाकत गेले, आणि घरांचे वरचे मजले रस्त्यावर झुकले. प्रवासी या वाकलेल्या घरांचे कौतुक करतात ते योग्यच आहे; परंतु त्यांच्या आड ज्या विणकरांच्या पिढ्या कामावाचून बसल्या त्यांचेही स्मरण त्याच वेळी व्हावे, असे मला मनापासून वाटते.

लॅव्हनमच्या बाजारचौकातील गिल्डहॉल हे या वैभवाचे आणि उतरत्या काळाचे सर्वांत बोलके साक्ष्य आहे. सुमारे 1530 मध्ये कॉर्पस क्रिस्टी या धर्मसंघाने, म्हणजे गावातील मातबर व्यापाऱ्यांनी, ही वास्तू उभारली. संघ मोडल्यावर तिचा तुरुंग झाला, मग निर्धनांना कामास जुंपणारे दरिद्रालय, मग लोकरीची वखार. 1951 पासून ती नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून आत कापडधंद्याचे संग्रहालय आहे. तेथून जवळच शिलिंग स्ट्रीटवर जेन टेलर हिचे बालपण गेले. लुकलुकणाऱ्या ताऱ्यावरील तिची जी कविता 1806 साली प्रसिद्ध झाली, ती आज आपल्याकडील इंग्रजी शाळांतील प्रत्येक बालकाच्या मुखी आहे.

याच मुलखातील लाँग मेलफर्ड या गावी चर्चसाठी अवश्य थांबावे. जॉन क्लॉप्टन या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा बांधले गेले. बाहेरच्या भिंतींवर दात्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा अशी विनंती अक्षरांत बसवली आहे, आणि आत एका लहानशा रंगीत काचेत तीन ससे अवघ्या तीन कानांत आपले भागवताना दिसतात. कर्झी हे त्याहून लहान, जेमतेम साडेतीनशे वस्तीचे. दोन उतारांमधल्या त्याच्या एकुलत्या मुख्य रस्त्यावरून ओढा उघडा वाहतो, मोटारी त्याच पाण्यातून जातात, आणि बदकांना वाट देणे हा तेथील शिरस्ता आहे.

शेवटी दक्षिणेकडे एसेक्सच्या सरहद्दीवरील ईस्ट बर्गहोल्टला जावे. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल येथे 1776 मध्ये जन्मला, म्हणून लोक येतात. माझे लक्ष मात्र चर्चच्या अपुऱ्या मनोऱ्याकडे जाते. त्यासाठी वुल्झीने पैसा देऊ केला होता, आणि 1530 मध्ये तो पदभ्रष्ट होऊन मेल्याने काम थांबले, अशी परंपरा आहे. गावकऱ्यांनी 1531 साली घंटा तात्पुरत्या ठेवण्यासाठी आवारात एक लाकडी पिंजरा बांधला. मनोरा पूर्ण झाला नाही. पाचही अवजड घंटा आजतागायत त्याच पिंजऱ्यात, जमिनीपासून हाताच्या अंतरावर आहेत, आणि त्या वाजवणारे दोरी न धरता घंटांच्या लाकडी तुळयांनाच हातांनी ढकलून त्या फिरवतात.