कर्जाची गुलामी ही गुलामीच!

बांधवांनो, लासूर स्टेशनच्या बाजारात कापूस विकून आलेला पैसा घरापर्यंत पोहोचतो का? लग्नासाठी सावकाराकडून महिना शेकडा 5 ने 10,000 रुपये काढले, तर व्याज महिना 500. 20 महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जाते; मुद्दल तसेच उभे! 2014 च्या सावकारी कायद्याने मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. अवैध सावकाराने बळकावलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो जरूर करा. पण त्याआधी हात आखडता घ्या. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा रमाईने काटकसरीनेच संसार रेटला. मग आपल्याला डीजे, मानपान, उधारीचा मंडप कशाला? बौद्ध पद्धतीचा साधा विवाह करा. वाचलेल्या पैशातून पोरांची फी भरा.