पंखा फिरतोय, म्हणून निर्धास्त?

"मॅडम, त्या कपाटापाशी उभं राहिलं की माझं डोकं उठतं." प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या आमच्या मावशी दोन-तीनदा म्हणाल्या, पण मी मनावर घेतलं नाही. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक. इतक्या वर्षांत नाक सरावलेलं, मला वासच येईना! शिवाय ते कपाट वाफा धरून ठेवायलाच तर आणलेलं. ॲसिटोन, टोल्यूईनच्या बाटल्या आम्ही त्यातच उघडायचो. त्याला बाहेर जाणारा पाइप नाही. पंखा हवा ओढतो, कोळशाच्या फिल्टरमधून गाळतो आणि परत खोलीतच सोडतो.

हा कोळसा साधासुधा नव्हे. बरेचदा तो नारळाच्या करवंट्यांपासून करतात. करवंटीचा कोळसा अतिशय कडक वाफेत तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात. त्यांच्या आतल्या भिंती पसरून ठेवल्या, तर एका ग्रॅमची जागा सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे भरेल! रसायनांची वाफ या भिंतींना चिकटून बसते. पण १० गुंठे असले तरी कधीतरी जागा संपणारच ना? मग नवी वाफ सरळ पार होते, आधी चिकटलेलीही सुटू लागते. पंखा मात्र ऐटीत फिरत असतो.

शेवटी मी फाईल काढली. कपाट येऊन चार वर्षं झालेली, फिल्टर बदलल्याची एकही नोंद नाही! पोटात धस्स झालं. सरांच्या मागे लागून नवा फिल्टर मागवला. जुना कचराकुंडीत न टाकता घातक रासायनिक कचऱ्यात दिला. तेव्हाच कळलं, अमोनिया, फॉर्माल्डिहाइड साध्या कोळशाला फारसे दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया केलेला कोळसा लागतो. आता कपाटावर मोठ्या अक्षरात तारीख लिहिलीय आणि काय काय उघडलं त्याची वहीही ठेवलीय.

मैत्रिणींनो, तुमच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये, बिनपाइपच्या चिमणीतही बहुधा हाच कोळसा असतो. तो शेवटचा कधी बदलला, आठवतंय? आणि घरात, कामावर कुणी "डोकं दुखतं" म्हणालं, तर आपल्या नाकावर विसंबू नका. काही रसायनांची वाफ वास जाणवण्याआधीच अपाय करते.

मावशींची मी माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "तारीख मलापण वाचता येते हं, मॅडम. आता मीच आठवण करीन."