बॅजर, बिळांत शिरणारे कुत्रे आणि जमीनमालकाची परवानगी

रानडुकराचा व साळिंदराचा उपद्रव आमच्या वाचकांस नवा नाहीं. पीक राखतांना कुत्रीं घेऊन जनावराच्या मागें लागणें ह्यांत कायद्याचा कांहीं संबंध येतो, असें मात्र पुष्कळांच्या मनांतही येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही इंग्लंडांतील अशाच एका प्रकाराची हकीकत देत आहों. बॅजर नांवाच्या प्राण्याची कुत्र्यांकरवीं शिकार करण्याची चाल तेथें फार जुनी होती. ती बंद करण्यास कायद्याला दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मधली मोठी अडचण जमीनमालकाच्या परवानगीची होती. ज्यांचा जन्म मालक आणि कब्जेदार हे शब्द लिहिण्यांत गेला, अशा आमच्यासारख्या महसुली कारकुनास ह्या हकीकतींत गोडी वाटावी ह्यांत नवल नाहीं.

बॅजर हा आपल्याकडील चांदी अस्वलाचा दूरचा भाऊबंद. लांबी अडीच-तीन फूट, वजन साधारण 10 ते 12 किलो, पाय आंखूड, नखें मजबूत, आणि पांढऱ्या तोंडावर डोळ्यांवरून गेलेले दोन काळे पट्टे. हा प्राणी निशाचर आहे. त्याचें मुख्य खाद्य गांडुळें. शिवाय किडे, मुळें, फळें, प्रसंगीं धान्यही तो खातो. त्याचीं बिळें म्हणजे जमिनीखालचा एक वाडाच असतो. अनेक तोंडें, आंत वांकडेतिकडे बोगदे, निजण्याच्या जागीं वाळल्या गवताचें अंथरूण. आणि एकच बीळ पिढ्यान् पिढ्या वापरांत राहतें.

अशा बिळांत शिरेल असा लहान, चिवट व निधड्या छातीचा कुत्रा म्हणजे टेरिअर. भूमि ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव पडलें आहे. डेव्हनमधील पाद्री जॉन रसेल (1795-1883) ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली जात मूळ कोल्ह्यासाठीं होती. वेल्समधील सीलीहॅम जातीची पैदास मात्र बॅजरसारख्या जनावरांशीं गांठ घालण्यासाठींच झाली. शिकारीची रीत अशी: टेरिअर बिळांत सोडावयाचा, त्यानें बॅजरला एखाद्या कोपऱ्यांत कोंडून भुंकत राहावयाचें, वर माणसांनीं जमिनीस कान लावून आवाजाचा माग घ्यावयाचा व कुदळ-फावड्यानें सरळ खालीं खणावयाचें. अलीकडे कुत्र्याच्या पट्ट्यास बिनतारी खुणेचें यंत्र बांधतात, म्हणजे कान लावण्याचेंही कारण उरत नाहीं. खड्डा बिळास भिडला कीं बॅजरला लांब चिमट्यानें बाहेर ओढीत. पुढें त्यास तेथेंच मारीत, किंवा पोत्यांत घालून नेऊन इतर कुत्र्यांशीं झुंजवीत. बॅजरचा खालचा जबडा कवटींत असा घट्ट बसविलेला असतो कीं तो सहसा निखळत नाहीं. एकदां धरलें कीं सुटका नाहीं. त्यामुळें कुत्र्यांचीं नाकें, ओठ व हनुवट्या फाटतात, आणि गुन्हा उघडकीस येईल ह्या भयानें मालक त्यांस पशुवैद्याकडेही नेत नाहींत. कुत्र्याच्या इमानाचा ह्याहून नीच उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. 1835 च्या कायद्यानें बैल, अस्वल, बॅजर वगैरे झुंजविण्यासाठीं जागा चालविणें गुन्हा ठरलें. शहरांतले अड्डे उठले. पण रानांत बीळ खणून बॅजर काढण्यास मनाई नव्हती. तशी मनाई पुढें 1973 सालीं बॅजरच्या पहिल्या स्वतंत्र कायद्यानें झाली. परंतु त्यांत एक फट राहिली. जमिनीचा मालक किंवा कब्जेदार, अथवा त्यानें परवानगी दिलेला इसम, ह्यांस हा कायदा बहुतेक ठिकाणीं लागू नव्हता. अशी परवानगी मिळविणें किती सोपें असतें हें खेड्यांत राहिलेल्यास सांगावयास नको. शेतकऱ्यास खणण्याचा खर्च नाहीं, बॅजर गेला तर बरेंच. तो हो म्हणून मोकळा होतो. ही सूट 1981 च्या कायद्यानें काढून टाकली, आणि आपल्याच शेतांतला बॅजर मारण्याचा मालकाचा सर्वसाधारण अधिकार संपला.

तरीही शिकारी थांबले नाहींत. पकडले गेले कीं ते म्हणत, आम्ही कोल्ह्यासाठीं खणत होतों. कोल्ह्यास तेव्हां संरक्षण नव्हतें, आणि बिळांत कोण होतें हें सिद्ध करावयाचें फिर्यादी पक्षानें. म्हणून 1985 सालीं पुराव्याचें ओझें फिरविलें गेलें: बॅजर मारण्याचा वा पकडण्याचा प्रयत्न चालला होता असें पुराव्यावरून वाजवीपणें दिसलें, तर तसें नव्हतें हें आरोपीनें दाखवावयाचें. पुढें 1991 सालीं खुद्द बिळासच संरक्षण मिळालें. वापरांत असलेलें बॅजरचें बीळ मोडणें, त्याची वाट अडविणें किंवा त्यांत कुत्रा घालणें हाच गुन्हा झाला. त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें अपराध्याचा कुत्रा काढून घेण्याचा व त्यास कुत्रा बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयास दिला. हें सर्व 1992 सालीं एका कायद्यांत गोळा करण्यांत आलें, आणि इंग्लंडांत तोच चालू आहे. त्याखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. स्कॉटलंडने 2020 सालीं गंभीर गुन्ह्यांसाठीं ही मर्यादा पांच वर्षांपर्यंत वाढविली.

टेरिअर बिळांत घालणें मात्र अजीबात बंद झालेलें नाहीं. इंग्लंड व वेल्ससाठींच्या 2004 च्या शिकार-कायद्यानें एक अरुंद वाट ठेविली आहे: बंदुकीच्या शिकारीसाठीं राखलेल्या पक्ष्यांचें भारी नुकसान टाळण्याकरितां, रानटी सस्तन जनावरास बाहेर काढण्यासाठीं एकच कुत्रा बिळांत सोडतां येतो. त्या वेळीं जमीन आपली असल्याचा किंवा मालकाच्या परवानगीचा लेखी पुरावा जवळ असावा लागतो, आणि पोलिसानें मागतांच तो दाखवावा लागतो. बॅजरच्या बिळास ही सवलत नाहींच. आम्हांस नवल वाटतें तें हें कीं, धनिकांच्या फेझंट पक्ष्यांसाठीं जी सवलत आहे ती मेंढपाळाच्या कोंकरांसाठीं नाहीं!

बॅजरविषयीं तिकडच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे असें नव्हे. गुरांच्या क्षयरोगाचा बॅजरशीं संबंध 1971 सालीं ग्लॉस्टरशायरमध्यें दिसून आला, आणि ह्या रोगापायीं गोठेच्या गोठे रिकामे करावे लागतात. परंतु 1998 सालीं सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगांत असें आढळलें कीं, जेथें रोग उद्भवला तेवढ्याच भागांत बॅजर मारले, तर गुरांतला रोग कमी न होतां वाढला; उरलेले बॅजर आपली हद्द सोडून दूरवर भटकूं लागतात हें त्याचें कारण सांगितलें जातें. 2013 पासून सरकारी परवान्यानें दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. ते पिंजऱ्यांनीं व बंदुकीनें. कुत्र्यांचा परवाना कोणास मिळाला नाहीं. ही कत्तल चालू लोकसभेची मुदत संपण्यापूर्वीं थांबविण्याचें तेथील सरकारनें 2024 सालीं जाहीर केलें आहे.

फ्रान्समध्यें कुत्र्यांनिशीं बीळ खणण्याची शिकार कायदेशीर आहे. तिचा हंगाम 15 जानेवारीस संपतो. 15 मेपासून जादा मुदत देणारे जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम मात्र न्यायालयांनीं वारंवार तहकूब केले आहेत. जर्मनींतील डाक्सहुंड ह्या कुत्र्याच्या नांवाचा अर्थच बॅजरचा कुत्रा असा आहे.

आपल्याकडे साळिंदराचें बीळ कुत्रीं लावून व धूर घालून खणतात. ती रीत वरच्या रीतीहून फारशी निराळी नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार ह्या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. मारणें, पकडणें, पाठलाग करणें, हांकणें, फासे लावणें, आणि ह्यांपैकीं कशाचाही प्रयत्न करणें, हें सर्व तींत येतें. म्हणून जनावर हातीं लागलें नाहीं ही सबब चालत नाहीं. चांदी अस्वल तर पहिल्या अनुसूचींत आहे. जमीन माझी, मींच परवानगी दिली, असें म्हणून येथें कोणी सुटत नाहीं. उलट आपल्या शेतांत असें कांहीं होऊं देणारा खातेदार चौकशींत ओढला जाण्याचा संभव असतो. शेजारगांवचीं माणसें कुत्रीं घेऊन आलीं आणि तोंडी होकार मागूं लागलीं, तर तो देऊं नये.

रानडुकरासारखें दुसऱ्या अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास धोक्याचें झालें असेल, तर कारणें नमूद करून तें मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास अथवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. नुकसानभरपाईसाठीं अर्ज वनखात्याकडे विनाविलंब करावा, सोबत सात-बाराचा उतारा जोडावा, आणि पंचनामा होईपर्यंत पडलेलें पीक उचलूं नये.